डाव्या हाताची ठिगळं

३ मे

आज सभागृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो. ऑकलंडच्या विमानतळावर अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ सामान विभागाचा सुपरवायझर म्हणून. हाताखाली चाळीस माणसं होती. आणि आज एका बोळक्या म्हाताऱ्याने मला जमिनीवर बसवून उशी बडवायला लावली.

म्हाताऱ्याचं नाव उरीआ. इथे प्रत्येक म्हाताऱ्याला पापा म्हणायचं असतं, मग त्याच्यात बापासारखं काही असो वा नसो. वायकुरा गावाच्या ढोलपथकाचा हा मुख्य. वय चौऱ्याहत्तर, अंगात बनियन, पायात दोन वेगवेगळ्या रंगांच्या चपला.

उशी शिडाच्या जाड कापडाची आहे. आत सावरीचा कापूस इतका ठासून भरलाय की डोकं ठेवलं तर टेंगूळ यावं. काठ्या पडून पडून दोन जागी कापड झिजलंय. उजवीकडे एक ठिगळ, डावीकडे ठिगळावर ठिगळ. काही काम नव्हतं म्हणून मोजली, डावीकडे चार निघाली. सगळ्यात वरचं पिवळ्या फुलांचं. तसलं कापड एकेकाळी बेटावर घरोघर होतं, आमच्या स्वयंपाकघराचे पडदेसुद्धा त्याचेच होते. कोणाचं उष्टं माझ्या पुढ्यात टाकलंय देव जाणे.

"किती वेळ बडवायची?" मी विचारलं.

"डाव्याने शंभर. उजव्याने पन्नास. परत डाव्याने शंभर."

"आणि ढोल?"

"ढोल कुठे पळून चाललाय?" म्हातारा म्हणाला आणि डुलकी घ्यायला लागला.

५ मे

हे सगळं कशासाठी चाललंय ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे वाचताना मलाच वाटेल की मला वेड लागलं होतं.

फेब्रुवारीत बाबा गेले. मी पोचलो तोवर मातीसुद्धा झाली होती. घर बंद पडू नये म्हणून नोकरी सोडून न्यूझीलंडहून रारोटोंगा बेटावर परत आलो. घरात बाबांचा ढोल आहे. उंडीचा हातभर ओंडका, आतून कोरलेला, वर एक लांब चीर, आणि वाजवायला सुरूच्या लाकडाच्या दोन काठ्या. छत्तीस वर्षं हा ढोल गावाच्या ओळीत सगळ्यात पुढे वाजला. आता गावाचा नियम असा की ढोल घराचा, पण ओळीतली जागा गावाची. ऑगस्टच्या उत्सवात घरातल्या हाताने तो वाजला तर ढोल घरात राहतो. नाही वाजला तर ज्याच्या हाताने वाजेल त्याच्या घरी जातो.

हा ज्याच्या हाताने म्हणजे तांगी. माझ्या कूराआत्याचा मुलगा. पंक्चर काढतो, कारण नसताना हसतो, आणि चर्चलासुद्धा काठ्या कमरेला खोचून येतो. मला ढोल वाजवायची काडीची हौस नाही. पण बाबांचा ढोल त्याच्या दुकानात जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून पडलेला मला बघवणार नाही. तेवढ्यासाठी मी उशी बडवतोय.

तसं अवघड काही नसावं. बाबांच्या हातात ते जन्मापासून होतं, सगळं बेट सांगतं. त्यांना नाही कोणी उशीवर बसवलं. रक्तात असतं ते.

१४ मे

दोन्ही अंगठ्यांच्या बेचक्यात फोड आले. पापाला दाखवले तर म्हणाला, "मासा धरलायस का हातात? सुटेल म्हणून आवळतोस? काठी धरायला अंगठा आणि हे पहिलं बोट पुरे. बाकीच्या तिघांनी नुसतं पडून राहायचं, सासुरवाडीला गेल्यासारखं."

यावर शेडमधले सगळे हसले. या गावात विनोदाचा दर्जा हा असा आहे.

मग म्हाताऱ्याने माझ्या डाव्या काखेत एक पपई दिली. कोपर वर उचललं की पपई पडणार, पपई पडली की परत एकपासून मोजायचं. ठोका मनगटातून यायला हवा, खांद्यातून नाही, असं त्याचं म्हणणं. आज पपई अकरा वेळा पडली. शेवटी फुटली तेव्हा तांगीने ती चमच्याने खाल्ली आणि मलाही विचारलं, "दादा, घेता का?" चाळीस माणसांचा सुपरवायझर मी. विमानतळाचा बिल्ला लावलेला निळा शर्ट अजून इस्त्री करून खिळ्याला टांगलेला आहे. तो घालून शेडमध्ये जावं असं आज मनात आलं होतं.

२३ मे

दिवसातून दोनदा नारळ खवायचाही हुकूम झालाय, तोही डाव्या हाताने. खवणीवर बसून डावं मनगट फिरवायचं. मी विचारलं, याचा ढोलाशी काय संबंध? पापा म्हणाला, "खोबऱ्याशी आहे. मला संध्याकाळी लागतं."

याला शिक्षण म्हणतात.

आज शेडची दारं लावून नव्या ठेक्याची तालीम सुरू झाली. उत्सवातल्या स्पर्धेत दर गाव आपला नवा ठेका आणतं आणि त्यावर साठ-साठ जण नाचतात. पापाने हा वर्षभर डोक्यात बसवलाय. सहा जणांच्या ओळीत मीही बसतो, पण पुढ्यात ढोलाऐवजी उशी, म्हणजे मी चुकलो तरी कोणाला ऐकू येत नाही. अपमान करायची ही रीत मात्र डोकं लावून काढलेली आहे.

तालमीआधी म्हाताऱ्याने सगळ्यांना दम भरला. "हा ठेका या पत्र्याच्या बाहेर न्यायचा नाही. टेबलावर बोटं आपटायची नाहीत, शीळ घालायची नाही, बायकोच्या पाठीवर वाजवायचा नाही. आणि तेरेपाई, तू बापाच्या ढोलाला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत."

कारण काय, तर पलीकडचं पानेरोआ गाव कान लावून बसलेलं असतं. चार वर्षांपूर्वी कोणीतरी स्कूटरवरून जाताना ठेका शिट्टीवर वाजवला आणि गाव त्याच्याशी वर्षभर बोललं नाही म्हणे. मोठ्या माणसांचे हे पोरखेळ. चोरण्यासारखं या ठेक्यात आहे काय? मी अठ्ठावीस वर्षं विमानांचा आवाज ऐकलाय.

२ जून

ढोल काढला.

घर दरीच्या टोकाला, पुढे नुसती अळवाची शेतं. ऐकायला कोंबड्या आणि एक बांधलेलं डुक्कर. ओसरीवर बसलो, पहिला ठोका मारला आणि काठी आपोआप हातात परत आली. उशीवर चार आठवड्यांत जे जमलं नाही ते लाकडावर पाच मिनिटांत जमलं. हात नुसते धावत होते. मला शंका होतीच. म्हाताऱ्याला माझा हात बसायला नकोय. भाच्यासारखा सांभाळलेला तांगी पुढे आणायचाय, म्हणून मला सावरीच्या कापसात पुरून ठेवलंय.

उद्यापासून रोज संध्याकाळी ओसरीवर. उशी शेडमध्ये असते तेवढ्यापुरती.

९ जून

अखेर या बेटावर कान असलेला माणूस भेटला.

माआओ नाव. पन्नाशीचा, स्वच्छ शर्ट, बोलायला मऊ. नीरफणस विकत घ्यायला आला होता, ओसरीवर ढोल ऐकून पायरीवरच थांबला. वाजवून होईपर्यंत तिथेच उभा होता. मग म्हणाला, "तुम्ही रुआचे चिरंजीव ना? हात ऐकूनच कळलं."

पानेरोआचा आहे, पण माणूस बरा. चर्चची बस चालवतो. ढोलातलं आपल्याला काही कळत नाही, फक्त ऐकायला आवडतं, असं त्याने आपणहून सांगितलं. इतका प्रामाणिकपणा आमच्या गावात औषधाला मिळणार नाही. नीरफणसाचे पैसे मी घेतले नाहीत.

१५ जून

माआओ आज ट्यूना घेऊन आला. लिंबू आणि नारळाच्या दुधात कच्चा मासा कालवून आम्ही ओसरीवर बसून खाल्ला. मग त्याने पूर्ण ठेका दोनदा ऐकला. ऐकताना त्याची बोटं मांडीवर हलत असतात, त्याच्याही नकळत. माझ्या वाजवण्यात तेवढी ताकद आहे.

तो गेल्यावर तांगी आला. माझ्या स्कूटरचं मागचं चाक बसवायचं होतं. चाक बसवलं, उगाच दोनदा पुसलं, मग म्हणाला, "दादा, रागावू नका. खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू येतं हो."

"काय ऐकू येतं?"

"तेच. पापांनी सांगितलंय ते."

"मग जा, सांग पापाला."

"मी कशाला सांगू?" तो म्हणाला. "तुमचा बाप, तुमचा ढोल. फक्त जरा हळू."

मत्सर, दुसरं काय. माझा हात बसलेला त्याने ऐकला आणि त्याला ते खुपलं. उद्यापासून जरा जोरात वाजवीन.

२१ जून

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ठेक्याच्या तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी डाव्या हाताचे चार ठोके ओळीने येतात. माझा चौथा जरा मागे रेंगाळतो आणि पडताना दोनदा पडतो. लाकडाच्या उसळीने तसं होतं. फार बारीक गोष्ट आहे, साध्या माणसाला कळणारही नाही.

माआओला कळली. "तेवढा तिसऱ्याचा शेवट परत दाखवता का? हळू?" मी दाखवला. तो मान कलती करून म्हणाला, "तो शेवटचा डावा ठोका... तो तसाच आहे ना?"

आता मी काय सांगणार होतो? की पापा मला शेडमध्ये उशीवर बसवतो आणि हा ठोका मला जमत नाही? मी म्हणालो, "तसाच. तो आमच्या घराण्याचा हात आहे. बाकीच्यांना जमत नाही."

माआओने मान हलवली. "तरीच," म्हणाला. त्याने तो शेवट आणखी तीनदा ऐकला. मांडीवर त्याची बोटं थांबत, रेंगाळत आणि दोनदा पडत होती. कौतुक असावं तर असं.

३० जून

तालीम. पापा माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी उशीवर वाजवत होतो, उशीला आवाज नाही, तरी म्हातारा म्हणाला, "डावा लंगडतोय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतोय की. चौथ्याला काठी थकते. लाकडावर काठी वर येते ती लाकडाची उसळी, तुझी नव्हे. उशी काही परत देत नाही. तिच्यावर जी काठी वर येते ती तुझी." मग वाकून माझ्या कानाशी, "बापाचा ढोल काढतोस का घरी?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने टोपलीत हात घातला. मग माझ्या काखेत नवी पपई दिली आणि निघून गेला. याच्याकडे पपयांना तोटा नाही.

११ जुलै

माआओ पंधरा दिवसांत आला नाही. बसचं काम वाढलं असेल. ओसरीवर एकट्याने वाजवायला आता मजा येत नाही. कोंबड्यांना काय कळतंय?

कूराआत्या अळवाची भाजी घेऊन आली होती. बाबांची खुर्ची पुसली आणि तिच्यावर न बसता पायरीवर बसली. "शेवटी शेवटी त्याचा डावा हात उचलत नव्हता," म्हणाली. "तरी मांडीवर बोटं आपटायचा. शंभर झाले की झोपायचा." मी ऐकून घेतलं. म्हाताऱ्या माणसांना जुनं उगाळायला काहीतरी लागतंच.

२० जुलै

आज ओळ ठरायची होती. सगळ्यांना एकेक करून ढोलावर बसवलं. मी वाजवलं. उजवा हात ऐकून चार जणांनी माना हलवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग तिसऱ्याचा शेवट आला.

पापा म्हणाला, "डावा."

एवढंच. मग तांगीला बसवलं. तो वाजवताना हसत नाही, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. वाजवणं ठीक होतं. ठीकपेक्षा जास्त काही लिहिणार नाही.

"तेरेपाईचं आपल्या पाळीच्या आदल्या दिवशी ठरवू," पापाने जाहीर केलं. "अकरा दिवस आहेत. घरी उशी घेऊन जा."

ती उशी काखोटीला मारून गावातून चालत आलो. दुकानाच्या कट्ट्यावरच्या बायका बघत होत्या. घरी आल्यावर फेकली कोपऱ्यात.

३१ जुलै

काल संध्याकाळी मोठ्या प्रेक्षागृहात पानेरोआची पाळी होती. आमची उद्या. सगळं गाव बघायला गेलं होतं. मी आत्याच्या शेजारी, पुढे पापा, त्याच्या बाजूला तांगी.

पानेरोआच्या ओळीत सहा ढोल होते. सगळ्यात पुढे स्वच्छ शर्टातला माआओ. बस चालवणाऱ्या माआओच्या हातात काठ्या अशा होत्या की बाकीची तीन बोटं खरोखर सासुरवाडीला पडून राहिलेली.

पहिल्या चार ठोक्यांत मला कळलं. दुसऱ्या आवर्तनापर्यंत सगळ्या वायकुराला कळलं. आमचाच ठेका. वर्षभर म्हाताऱ्याने डोक्यात वाढवलेला, पत्र्याआड लपवलेला.

मग तिसऱ्याचा शेवट आला. सहा माणसं, सहा डावे हात. पहिला ठोका, दुसरा, तिसरा, आणि चौथा रेंगाळला आणि दोनदा पडला. सहाच्या सहा एकदम लंगडले. सुरेख बसवलं होतं त्यांनी. नाचणाऱ्या पोरींनी त्या लंगडण्यावर कमरेचा एक खास झटकासुद्धा बसवला होता.

माझं गाव रंगमंचाकडे बघत नव्हतं. रांगेमागून रांग मागे वळून माझ्याकडे बघत होती. पापा तेवढा वळला नाही. आत्याने पंखा तोंडासमोर धरला आणि तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती मी विचारलं नाही.

मी अजून विचार करतोय की दुसरं काही कारण असू शकतं का. खालच्या रस्त्यावरून कोणीही ऐकलं असेल. पण तो चौथा ठोका खालच्या रस्त्याने जाणाऱ्याने तीन-तीनदा हळू वाजवून घेतला नव्हता. तो मी शिकवला. घराण्याचा हात म्हणून.

इतका मूर्ख माणूस मी ऑकलंडमध्ये पाहिला असता तर त्याच दिवशी कामावरून काढला असता.

३१ जुलै, संध्याकाळ

दुपारी ढोल खांद्यावर घेऊन शेडमध्ये गेलो. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे चटईवर बसले होते, मला जागा करून दिली. ठेका बदलायला वेळ नव्हता, साठ नाचणाऱ्यांचे पाय त्यावर बसलेले.

मी ढोल तांगीच्या पुढ्यात ठेवला.

"दादा, हे काय," तांगी म्हणाला. "मी उद्या वाजवतो आणि घरी आणून देतो. माझ्याकडे ठेवायला जागा कुठाय, टायरचा वास लागेल त्याला."

"नियम आहे," मी म्हणालो.

"आहे," पापा म्हणाला. "तांगी, तुझ्याकडे राहील. याचा हात बसेपर्यंत."

मला तांगीचा भयंकर राग आला. त्याने एकदा तरी टोमणा मारायला हवा होता. त्यावरचं उत्तर मी महिनाभर मनात तयार ठेवलंय, आणि हा माणूस त्याला जागाच देत नाही.

उठलो तेव्हा पापाने हाक मारली. "तेरेपाई. बरं झालं तू उशीवर बसला नाहीस."

"म्हणजे?"

"डावा नीट असता तर आपण मेलो होतो. आता उद्या बघ."

२ ऑगस्ट

काल आमची पाळी. मी प्रेक्षकांत, शेवटच्या रांगेत.

तोच ठेका. लोक कुजबुजायला लागले, परवाचंच वाजवतायत म्हणून. परीक्षकांच्या बाकावर तीन म्हातारे होते, तिघेही जुने वाजवणारे. तिसऱ्याचा शेवट आला. तांगीने बाबांच्या ढोलावर चार डावे ठोके मारले, चारही सारखे, पाण्यात एकामागून एक खडे टाकावेत तसे. बाकाच्या टोकाचा म्हातारा आधी थांबला, मग खुदकन हसला. त्याने शेजाऱ्याच्या मांडीवर परवाचा लंगडा ठोका वाजवून दाखवला. मग तिघेही हसले. मग हळूहळू सगळं प्रेक्षागृह. ठेका कोणाचा आणि कोणी तो एका शिकाऊ माणसाकडून उचलला, हे कोणाला सांगावं लागलं नाही. शिकाऊ माणसाची चूक कोणी मुद्दाम रचत नसतं.

पानेरोआवाले बसले होते तिथे मात्र कोणी हसत नव्हतं. आमचा दुसरा नंबर आला, त्यांचा शेवटून दुसरा.

सगळं बेट माझ्या डाव्या हाताला हसलं आणि माझं गाव त्यामुळे वाचलं. याचा अभिमान वाटावा की कुठे तोंड लपवावं, काही कळेना. बाबांचा ढोल इतक्या चांगल्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता, हे खरंय. खरं म्हणजे मी तो बरीच वर्षं ऐकलाच नव्हता.

५ ऑगस्ट

बाजारात माआओ समोर आला. पळाला नाही, हे त्यातल्या त्यात.

"तुम्हीच म्हणालात," तो अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "घराण्याचा हात आहे म्हणून. आम्ही महिनाभर तेवढा एकच ठोका घोटला. साधा होत नव्हता हो."

चोर तर चोर, वर मलाच जाब.

तिथून उशी परत करायला पापाकडे गेलो. तो खवणीवर बसला होता, डाव्या हाताने खवत. मी उशी दारात ठेवली. म्हणालो, पुढच्या शिकाऊ माणसाला द्या.

"ती माझी थोडीच आहे," पापा म्हणाला. "तुमच्याच घरची. फेब्रुवारीत कूराने आणून दिली, तेरेपाई आला तर दे म्हणून."

"कोणाची?"

"तुझ्या बापाची. सात वर्षं बसला तिच्यावर. मीच बसवला, मी ओळीत पुढे होतो तेव्हा. डावा असा लंगडा की विचारू नकोस, चौथ्याला हमखास मागे राहायचा. तुझी आई ठिगळ लावायची आणि मला शिव्या द्यायची. पडदे फाडले तिने एकदा."

मी म्हणालो, ते मला कधी कोणी सांगितलं नाही.

"सांगायला तू होतास कुठे?" पापा म्हणाला. आवाजात राग नव्हता. खोबरं खवत राहिला.

पिवळी फुलं मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. ओळखून वर नाक मुरडलं होतं. उशी परत घरी आणली.

१७ ऑगस्ट

डाव्याने शंभर. पपई सहा वेळा पडली.

तांगी येऊन गेला. ढोल बरा आहे म्हणाला, दुकानात नाही, त्याच्या आईच्या खोलीत ठेवलाय. जाताना हसला. त्याचं हसणं अजूनही मला मूर्खपणाचंच वाटतं, पण येत जा म्हणालो.

८ ऑक्टोबर

डाव्याने तीनशे. पपई पडली नाही. पापाला सांगितलं तर म्हणाला, "मग खा आता."

१२ डिसेंबर

आज पिवळ्या फुलांचं ठिगळ डाव्या काठीखाली फाटलं. सावरीचा कापूस बाहेर आला.

सुई मागायला आत्याकडे गेलो. ती आणि तांगी दोघंही यथेच्छ हसली. आत्या म्हणाली, कापड मी देते. म्हटलं नको, आहे माझ्याकडे.

खिळ्यावरचा निळा शर्ट काढला. विमानतळाचं कापड चांगलं असतं, हे मानायला हवं. पाठीचा तुकडा कापून पाहिला तर वापरून विरलेला निघाला. सगळ्यात जाड भाग खिशाचा, जिथे हुद्दा आणि नाव दोऱ्याने भरलंय तो. थोडा वेळ कात्री हातात धरून बसलो. मग तोच कापला आणि शिवला. टाके वेडेवाकडे आले, आई असती तरी तिला दाखवले नसते.

आता डाव्या काठीखाली माझं नाव आहे. पहिले शंभर झाले, चौथा ठोका अजून किंचित मागे आहे.